प्रोसेसर रायझन की इंटेल? आधी स्क्रीनकडे बघा

गेल्या अंकात मी म्हटलं होतं की घरच्या पीसीबद्दल काही अडलं असेल तर विचारा, आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एकच विचारतायत, गेमिंगसाठी इंटेल घ्यायचा की एएमडी (रायझन हे एएमडीच्याच प्रोसेसरचं नाव). सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देता येणार नाही म्हणून पाच पत्रं निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनीही ते आधी वाचा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मुलाची बारावी झाली, इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली, आता त्याला घरी गेमिंग पीसी हवाय. मॉनिटर धरून ९० हजारांपर्यंत आमची तयारी आहे. तो म्हणतो रायझनच घ्यायचा, आणि त्याचा मामा म्हणतो इंटेल सोडून दुसरं काही घेऊ नका, एएमडी तापतो आणि कॉलेजची सॉफ्टवेअर त्यावर धड चालत नाहीत. मामा कॉम्प्युटरच्याच लाईनमध्ये आहे त्यामुळे त्याचा शब्द मोडवत नाही. मुलगा व्हॅलोरंट आणि जीटीए खेळतो. मला ह्यातलं फार कळत नाही पण पैसे मी देणारे. — एक आई, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, मामांपासूनच सुरुवात करते, कारण ते खोटं सांगत नाहीयेत, जुनं सांगतायत. २०११ मध्ये एएमडीने एफएक्स नावाचे प्रोसेसर आणले होते, त्यातला पुढच्या वर्षी आलेला एफएक्स-८३५० तब्बल १२५ वॉटचा, आणि एवढी वीज खाऊनही गेममध्ये तो इंटेलच्या तेव्हाच्या आय५ च्या मागे पडायचा. त्या काळात ज्यांनी पीसी बांधले त्यांच्या डोक्यात एएमडी म्हणजे तापणारा हे पक्कं बसलं आणि तेव्हापुरतं ते बरोबरच होतं. पण मार्च २०१७ मध्ये पहिला रायझन आला आणि चित्र पालटलं. इंटेलचा घरगुती पीसीतला सगळ्यात वरचा आय७-७७००के त्याच वर्षी जानेवारीत आलेला, चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक काम करणारा भाग), आणि समोर रायझन ७ आठ कोअर घेऊन उभा, मग ऑक्टोबरपर्यंत इंटेलनेही सहा कोअरचा आय७-८७००के बाजारात आणला. ही चुरस लागली म्हणून आज आपल्याला मधल्या किमतीत इतके चांगले प्रोसेसर मिळतायत, दोन्हीकडे.

सॉफ्टवेअरचंही तसंच. एकेकाळी अँड्रॉइडचा एम्युलेटर, म्हणजे पीसीवरच फोन चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर एएमडीच्या प्रोसेसरवर नीट चालायचा नाही, त्यावरून ही समजूत पसरली असणार. ती अडचण २०१८ मध्येच सुटली. आता दोन्हीवर चालतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन नावाची सोय चालू असायला हवी, एएमडीच्या बोर्डात (मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर बसतो) ते एसव्हीएम नावाने असतं आणि इंटेलच्या बोर्डात व्हीटी-एक्स नावाने. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत प्रोग्रॅमिंगसाठी ह्या दोघांत निवड करायचं काहीच कारण नाही. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या सोयी लागतात, त्याही दोन्हीत आहे.

मग निवडायचं कशावरून? आता मुलाला विचारा की मॉनिटर कुठला घेणार. हा प्रश्न मी सगळ्यांना सगळ्यात आधी विचारते आणि समोरचा नेहमी म्हणतो मॉनिटर नंतर बघू. नंतर नाही, तोच पहिला. गेममध्ये पडद्यावर जे दिसतं ते एकामागून एक येणारी चित्रं असतात, फ्रेम. प्रत्येक फ्रेमच्या आधी प्रोसेसर हिशोब करतो, कोण कुठे आहे, गोळी कुठे गेली, गाडी कशाला धडकली, आणि मग ग्राफिक्स कार्डला सांगतो की आता हे काढ. कार्ड ते काढतं. साध्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर ह्या सगळ्याला जवळजवळ १७ मिलिसेकंद मिळतात. १६५ हर्ट्झवर फक्त ६. म्हणजे मॉनिटर जितका वेगाचा तितकी प्रोसेसरला घाई, आणि रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, जितकं मोठं तितकं कार्डावर ओझं. मोठ्या ४के पडद्यावर बिचारं कार्डच इतका वेळ घेतं की प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो, तिथे महागडा प्रोसेसर लावून काही हाती लागत नाही. उलट व्हॅलोरंटसारखा हलका गेम १०८० पिक्सेलच्या वेगवान मॉनिटरवर खेळला की कार्ड रिकामं आणि प्रोसेसरची धावपळ.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला वाटतं १०८० पिक्सेल आणि १४४ ते १८० हर्ट्झच्या मधला मॉनिटर घ्यावा आणि त्याला रायझन ५ ७६०० लावावा. सहा कोअर, बारा थ्रेड (म्हणजे एका वेळी बारा कामं), ६५ वॉट, आणि बॉक्समध्ये कूलर येतो म्हणजे तो खर्च वाचला. नावात एक्स असलेला ७६००एक्स घेऊ नका, तो १०५ वॉटचा आहे, कूलर वेगळा घ्यावा लागतो आणि गेममध्ये फरक किरकोळ. ७६०० मागायचं मोठं कारण प्रोसेसर नाही, बोर्ड आहे. तो बोर्डावरच्या ज्या एएम५ सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, बसतो तो सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही तो चालवू असं जाहीर केलंय, म्हणजे मुलगा शेवटच्या वर्षाला असताना त्याच बोर्डावर फक्त प्रोसेसर बदलून पीसी पुन्हा ताजा करता येईल. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचा एलजीए १७०० सॉकेट तिथेच संपला, नवे कोअर अल्ट्रा दुसऱ्या सॉकेटवर गेले.

तरी इंटेलकडे तुमच्यासाठी एक चांगला पर्याय आहे आणि तो मी मनापासून सांगतेय. कोअर आय५-१२४००एफ. हाही सहा कोअर बारा थ्रेडचा, कूलरसकट येतो, ७६०० पेक्षा स्वस्त पडतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासाठी डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीच्या, रॅमवाले बोर्ड मिळतात. हे आत्ता महत्त्वाचं आहे कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरना माल देण्यात गुंतलेत आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला महाग रॅम येतेय. एएम५ ला डीडीआर५ च लागते, त्यात सूट नाही. तेव्हा दुकानातून दोन्हीचं कोटेशन घ्या, प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिघांची बेरीज करून. कोणाच्या जुन्या पीसीतली चांगली डीडीआर४ घरात पडून असेल, किंवा बेरजेत दहा-बारा हजारांचा फरक निघाला, तर १२४००एफ घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, मुलाला खेळताना त्याचाच जास्त फायदा दिसेल. नाहीतर ७६००. प्रोसेसरवर काही झालं तरी १८ हजारांच्या वर जाऊ नका, ९० हजारांतला मोठा वाटा कार्डाचाच असला पाहिजे.

मामांना बरोबर घेऊनच लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा, चार दुकानं फिरायला आणि भाव करायला अनुभवी माणूस हवाच. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत पाच-सात मिनिटं, पण रविवारी नको, बरीचशी दुकानं बंद असतात. आणि बॉक्स पीसच मागा. माझ्या भाच्याला एका दुकानात हजार रुपये कमी करून ट्रे पीस दिला होता, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा आलेला प्रोसेसर, तोच माल आहे म्हणाले. माल तोच होता हे खरं, पण बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि त्या पिशवीवर दुकानदाराचा एक वर्षाचा शब्द होता, आणि चौदाव्या महिन्यात पीसी बंद पडल्यावर त्या शब्दाचा उपयोग झाला नाही. सील बंद बॉक्स, जीएसटीचं पक्कं बिल, आणि बिलावर सिरीयल नंबर. एवढं झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे २०१९ चा पीसी आहे, रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर आणि ८ जीबी रॅम. गेम अडकत अडकत चालतात. दुकानवाला म्हणतो सगळं जुनं झालंय, पूर्ण सेट बदला. एवढे पैसे नाहीत. इंटेलवर जाऊ का? — एक वाचक, परळ

उत्तर : कुठेही जाऊ नकोस मित्रा, आधी घरच्या घरी तपास कर, एक रुपया लागत नाही. ८ जीबी रॅम म्हणजे माझा अंदाज एकच स्टिक असणार. रायझनला एक स्टिक लावली की मेमरीचा अर्धा रस्ताच बंद राहतो आणि गेम मध्येमध्ये झटके खातात. जमलं तर तशाच दोन स्टिक कर आणि त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघ, ते आपोआप चालू होत नाही, कित्येक लोक ३२०० ची रॅम विकत घेऊन वर्षानुवर्षं २१३३ वर चालवत असतात आणि त्यांना पत्ताच नसतो.

एवढं करूनही अडकत असेल तर बघायचं की दोष कार्डाचा की प्रोसेसरचा. गेम चालू ठेवून रिझोल्यूशन एकदम खाली आण. फ्रेम भरभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. फ्रेम होत्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसतोय म्हणजे तो मोकळा आहे असं समजू नकोस, बारा थ्रेडमधला एकच पूर्ण भरलेला असेल तरी गेम त्याच्यावर अडतो आणि आकडा ४० च दिसतो.

आणि प्रोसेसर निघाला तरी बोर्ड बदलायची गरज नाही. तुझ्या बी४५० वर रायझन ५ ५६०० बसतो, फक्त जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करून घ्यायचा, मग नवा बसवायचा, उलटं केलंस तर पीसी चालूच होणार नाही. दुकानात ५५०० पुढे करतील, नंबर जवळचा आहे, पण त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, १६ एमबी आणि ५६०० ची ३२, गेमसाठी हा फरक मोठा आहे. कुठे ५७००एक्स३डी मिळाला, आणि भाव योग्य असला, तर सोडू नकोस. आठ कोअर आणि ९६ एमबी कॅश, तुझा बोर्ड त्यावर अजून तीन-चार वर्षं सहज काढेल.

प्रश्न : २०२३ मध्ये आय७-१३७००के घेतला. आत्तापर्यंत काही त्रास नाही, पण मित्र म्हणतात हे प्रोसेसर हळूहळू खराब होतात, विकून टाक आणि एएमडी घे. खरंय का? — एक वाचक, बोरिवली पश्चिम

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, पण घाईने विकू नका. १३ आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि त्यामुळे काळाने ते अस्थिर होत होते, हे इंटेलने २०२४ मध्ये स्वतः मान्य केलं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट, आले, ते बोर्डाच्या बायोस अपडेटमधून मिळतात. तुमच्या बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर जाऊन सगळ्यात ताजा बायोस टाका, आजच टाका, आणि त्यानंतर बायोसमध्ये इंटेलची डिफॉल्ट सेटिंग निवडा. हे अपडेट पुढचं नुकसान रोखतं, आधी झालेलं भरून काढत नाही, म्हणून काही महिने लक्ष ठेवा. गेम मध्येच बंद पडून व्हिडीओ मेमरी संपली असा मेसेज येणं, तेही कार्डात भरपूर मेमरी असताना, हे त्याचं ओळखीचं लक्षण.

तसं झालं तरी तुमच्याकडे कागद असतील तर काळजी नाही. ह्या प्रोसेसरच्या बॉक्स पीसची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली, म्हणजे तीनाची पाच झाली. १३७००के त्या यादीत आहे. बिल आणि बॉक्स दोन्ही शोधून एका जागी ठेवा. १२ व्या पिढीला हा त्रास नाही, म्हणून वर मुलुंडच्या ताईंना १२४००एफ मी बिनधास्त सांगितला.

आणखी एक, तुमचा प्रोसेसर ताणला की २५३ वॉटपर्यंत जातो. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत आधीच ३३-३४ डिग्री असतं आणि पंखा कितीही मोठा लावला तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. कॅबिनेट टेबलाखालच्या बंद खणात असेल तर बाहेर काढा, आणि तीन वर्षं झालीत तर कूलर काढून धूळ साफ करून थर्मल पेस्ट नवीन लावा. समुद्राच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात पीसी आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, आत दमट खारी हवा साचून राहते, दिवसाआड थोडा वेळ तरी चालवा.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डाशिवाय गेम खेळता येतील असा प्रोसेसर कुठला? — एक वाचक, कांदिवली

उत्तर : रायझन ५ ८६००जी. त्याच्यातलं रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स १०८० पिक्सेलवर हलके गेम छान चालवतं, साध्या आय५-१२४०० च्या आतलं ग्राफिक्स त्याच्या जवळपासही येत नाही. रॅमच्या दोन स्टिक हव्यातच, कारण आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. पण वर्षभरात कार्ड घेणारच असाल तर ८६००जी घेऊ नका, त्याची कॅश १६ एमबी आहे आणि कार्डाशी माहितीची देवाणघेवाण करायला आठच लेन, म्हणजे रस्ते, आहेत, तेव्हा सरळ ७६०० घ्या आणि तोवर धीर धरा. आणि प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, कार्डाशिवाय पडदा काळाच राहील.

प्रश्न : ताई, मी काउंटर-स्ट्राइक २ सीरियसली खेळतो, कॉलेजच्या टीममध्ये आहे. आरटीएक्स ४०७० आहे, २४० हर्ट्झ १०८० पिक्सेलचा मॉनिटर आहे. ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी आणि कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये अडकलोय. २६५के ला वीस कोअर आहेत, मग तो का नको? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुझ्या पत्रात मॉनिटर लिहिलेला आहे, त्याबद्दल आधी शाबास. २४० हर्ट्झ म्हणजे प्रत्येक फ्रेमला ४ मिलिसेकंद आणि थोडं वर. इथे कोअर किती ह्याला अर्थ नाही, गेम वीसच्या वीस कोअर वापरतच नाही. इथे वेळ जातो तो रॅममधून माहिती आणण्यात.

स्वयंपाकाचं उदाहरण घे. फोडणी करताना मोहरी, हळद, हिंग ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात असलं की हात जातो आणि काम होतं. तेच प्रत्येक चिमटीसाठी चार जिने उतरून वाण्याकडे जावं लागलं तर तेल जळून जाईल, मग घरात स्वयंपाक करणारी वीस माणसं का असेनात. कॅश म्हणजे तो मिसळणाचा डबा. एक्स३डी प्रोसेसरमध्ये एएमडीने कॅशचा जादा थर चिपला उभा जोडलाय, त्यामुळे ३२ च्या जागी ९६ एमबी मिळते, आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमला जे पुन्हापुन्हा लागतं त्यातलं बरंच तिथेच मावतं. २६५के व्हिडीओ एडिटिंगला, रेंडरिंगला फार चांगला प्रोसेसर आहे, तू रोज तेच काम करत असतास तर मी तोच सांगितला असता. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मालिका आली तेव्हा गेममध्ये इंटेलच्याच १४ व्या पिढीच्या पुढे ती ठामपणे जाऊ शकली नाही.

राहिले दोन एक्स३डी. ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅशचा थर कोअरच्या वर आहे, ९८००एक्स३डी मध्ये तो खाली घेतला, त्यामुळे कोअरची उष्णता सरळ कूलरला मिळते आणि तो जास्त वेगाने चालतो. वेगवान आहे हे नक्की. पण ४०७० बरोबर आणि २४० हर्ट्झवर ७८००एक्स३डी पुरेसा आहे, दोघांच्या भावात मोठं अंतर असेल तर ते पैसे तुझ्याकडे राहू दे, किंवा चांगल्या माऊस आणि हेडफोनला घाल, स्पर्धेत त्याचा उपयोग आहे. दोघांबरोबर कूलर येत नाही, तो धरून हिशोब कर. ७८००एक्स३डी घेतलास तर बोर्डाचा बायोस ताजा कर, २०२३ मध्ये काही बोर्डांवर प्रोसेसरच्या एका भागाला एसओसी नावाचं व्होल्टेज जास्त जाऊन ह्या मालिकेतले प्रोसेसर जळले होते, त्यानंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर अडवलंय.

आणि सगळं जोडून झाल्यावर दोन गोष्टी बघ. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लाव. ह्या प्रोसेसरमध्ये थोडंसं ग्राफिक्स आत आहे, त्यामुळे चुकून बोर्डला लावलीस तरी चित्र येतं आणि तू नवीन पीसीवर २० फ्रेममध्ये खेळत बसशील. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट २४० वर टाक, तो बऱ्याचदा ६० वरच राहिलेला असतो.